ताटाची डावी बाजू

आमच्या घरात ताट वाढायची शिस्त होती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी, आमटी उजवीकडे, समोर भाकरी. सणावाराला सगळेच असं वाढतात, पण आईला रोजच्या जेवणातही हेच लागायचं. पारनेरकडचं आमचं कोरडवाहू गाव, कालवण-भाकरीपलीकडे ताटात फारसं काही नसायचं. एवढा थाट कशाला, असं मी लहानपणी चिडून विचारलं की ती म्हणायची, "जनावराम्होरं टाकल्यागत टाकायचं का मग?"

वहिनी लग्न होऊन आली मिरजगावाहून. तिच्या माहेरी ठेचा भाकरीवरच ठेवायची पद्धत. पहिल्याच दिवशी तिनं तसा ठेवला, तर आईनं तो बोटानं उचलून ताटाच्या डाव्या कडेला लावला. वहिनी मानी. एकदा दाखवलेलं पुन्हा दाखवायची वेळ तिनं येऊ दिली नाही. ठेचा मात्र असा करायची की कुणाचं कधी कौतुक न करणारी आई गल्लीभर सांगत फिरायची, "माझ्या सुनंच्या ठेच्याला तोड न्हाई." दोघींचं प्रेम हे एवढंच. गळ्यात पडणं वगैरे आमच्याकडे नव्हतंच.

करोनानंतरच्या एका उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. वहिनी नेमकी त्या दिवशी भाच्याच्या जावळासाठी माहेरी गेली होती. भाऊ दुधाच्या टेम्पोवर. आई घरात एकटीच पडलेली शेजारणीला सापडली.

नगरच्या दवाखान्यात कळलं की मेंदूच्या उजव्या भागात गुठळी झाली आहे. डावा हात, डावा पाय गेला. बोलण्याची जागा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते, म्हणून बोलणं वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. खरंच वाचलं होतं. शुद्धीवर आल्यावर आईनं पहिलं काय विचारलं असेल, तर म्हशीला पाणी कोण पाजतंय. बोलणं शाबूत म्हणजे डोकं शाबूत, असा आम्ही सगळ्यांनी हिशेब मांडला. मी नगरला शाळेत विज्ञान शिकवते. मोठा मेंदू, लहान मेंदू, मस्तिष्कपुच्छ अशी आकृती दरवर्षी फळ्यावर काढते आणि मुलं ती दोन गुणांसाठी पाठ करतात. त्या आकृतीचा कुणाच्या संसाराशी संबंध असतो, हे ना पुस्तकात आहे ना माझ्या डोक्यात होतं.

आईची खाट बाहेरच्या खोलीत भिंतीला लावली. भिंतीला टेकून ती बसली की अंगणाचं दार तिच्या उजवीकडे यायचं आणि स्वयंपाकघर डावीकडे. मी शनिवारी दारातून आत शिरले की तिचा चेहरा उजळायचा. भाऊही त्याच बाजूनं यायचा. वहिनी दिवसभर यायची ती स्वयंपाकघरातून.

आईनं ठेचा खाणं सोडलं. वहिनीला आधी वाटलं, तोंडाची चव गेली असेल. तिनं मिरची कमी केली. मग दाण्याची चटणी करून पाहिली, काकडीची कोशिंबीर करून पाहिली. आई भाजी-भाकरी खायची, तीही अर्धीमुर्धी, आणि डाव्या बाजूला बोट लावायची नाही. एका शनिवारी तर तिनं मलाच विचारलं, "भाकरीसंगं तोंडी लावायला काय न्हाई का गं ह्या घरात?"

ठेचा ताटात होता. वहिनी खाटेच्या डाव्या अंगाला उभी होती.

ती आत गेली. मी मागोमाग गेले तर ती उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासत होती. "ताई, मला ऐकवायला बोलत्यात त्या," ती म्हणाली. "मी हाक मारली की तोंड पल्याड फिरवत्यात. रोज दुपारी जवळ बसून धान्य निवडते मी. एक शबुद बोलत न्हाईत. त्या दिशी मी माहेरी गेल्ते ना, त्याचा राग हाय."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. अबोला हे आईचं जुनं हत्यार. वडिलांशी तिनं एकदा अख्खा पावसाळा अबोला धरला होता. मी तिला झापलं, "सून एवढं करते, जरा गोड बोल." तर ती भाबडेपणानं म्हणाली, "ती कुठं असती माझ्यापाशी?" मला वाटलं, म्हातारी पक्की आहे.

वहिनीनं भावाला सांगून टाकलं, की दिवाळीला माहेरी गेले की परत यायची नाही. तुमी तुमच्या आईचं बघा. भाऊ बिचारा दोन्हीकडून मार खात होता. वहिनी उगाच बोलणारी बाई नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दिवाळीआधी आईला दाखवायला पुन्हा नगरला नेलं. वहिनीही आली. चाकाच्या खुर्चीला आधार द्यायला ती आईच्या डाव्या अंगाला उभी होती, हात आईच्या खांद्यावर. आम्ही दोघं उजवीकडे. या खेपेला डॉक्टरांनी आईला कागद-पेन देऊन फूल काढायला सांगितलं. तिनं गोल काढला आणि उजवीकडच्या पाकळ्या काढून पेन खाली ठेवलं. "झालं?" "झालं की." मग त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्याबरोबर कोण कोण आलंय?"

"ल्योक हाय. लेक हाय."

"आणि सूनबाई?"

"ती कशाला येती," आई म्हणाली.

वहिनीचा हात तिच्या खांद्यावर तसाच होता. डॉक्टरांनी खूण करून वहिनीला उजवीकडे बोलावलं. आईनं मान वर केली. "अगं बया! कवा आलीस?"

डॉक्टर समजावून सांगत होते. डोळे उत्तम आहेत. डावीकडेही काही आहे, याची दखल घेणारी जागा मेंदूत उजवीकडे, वरच्या-मागच्या भागात असते, तिला पॅरायटल लोब म्हणतात. तीच दुखावली आहे. त्यामुळे डावीकडचं माणूस, डावीकडची वस्तू, ताटाची डावी बाजू यांच्यासाठी नसल्यासारखीच. आपलं काही हरवलंय, हेही यांना कळत नाही. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण आम्हाला ती सवय नाही.

घरी येऊन आम्ही खाट समोरच्या भिंतीला लावली. आता स्वयंपाकघर आईच्या उजवीकडे आलं. ठेचाही ताटात उजवीकडे आला आणि आईनं तो चाटूनपुसून खाल्ला. वहिनी माहेरच्या पद्धतीनंच भाकरीवर ठेचा ठेवत राहिली असती, तर इतके महिने हे झालंच नसतं. ती आईची शिस्त इतकी नीट शिकली नसती तर बरं झालं असतं. हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

वहिनी दिवाळीला माहेरी गेली आणि भाऊबीज करून परत आली. पण आईला आम्ही काही पटवू शकलो नाही. मी किती परीनं सांगितलं, तर ती हसायची. "मला दिसत न्हाई? भिंतीवरचं क्यालेंडर वाचून दावू का?" आणि दाखवायचीही, अर्धंच.

आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिथंच होते. वहिनी उजव्या बाजूला बसून तिला पेज भरवत होती. आईनं चमचा थांबवला आणि तिचा हात धरला. असं तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"एक सांगते," ती म्हणाली. "मी पडले तवा तू मला सोडलंस. आंघोळीपुरती यायचीस, मग तोंड दावायची न्हाईस. लई वाईट वाटायचं मला. पर नंतर केलंस गं माझं. मी मनात न्हाई ठेवलं. माफ केलं तुला."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीनं माझ्याकडे पाहून मान हलवली.

"बरं केलं, आत्याबाई," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

मग तिनं पदरानं आईचं तोंड पुसलं आणि पुढचा चमचा भरला.