आईची गोळी, म्हशीची पावडर

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. ‘आमचा’ म्हणायचा फक्त. मी तिथं नोकरीला आहे. जनावरांच्या खाद्यात मिसळायची खनिज पावडर तिथं तयार होते आणि तिची तपासणी मी करते. राहायला मी गडमुडशिंगीत. घरी आई आणि मी, आणि गोठ्यात आईची म्हैस.

दोन वर्षांपूर्वी आईची कंबर धरली. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर आईनं डबी माझ्यापुढं धरली.

“कशापास्नं केलीया बघ की जरा.”

मी बारीक अक्षरं वाचली. समुद्रातल्या लाल शेवाळापासून. मला हसू आलं, कारण त्याच शेवाळाची पांढरी पावडर पोत्यांनी आमच्या कारखान्यात येत होती. हे शेवाळ विहिरीतल्यासारखं बुळबुळीत नसतं. समुद्राच्या पाण्यातला चुना ओढून घेऊन ते स्वतःचं अंग दगडासारखं घट्ट करतं. जिवंत असताना गुलाबी-लाल, मेलं की पांढरं. त्याचे सांगाडे समुद्राच्या तळाशी साचतात आणि तेच दळून पावडर करतात.

त्याच महिन्यात म्हशीनं रवंथ करायचं सोडलं. दूध वाढावं म्हणून आईनं मक्याचा भरडा वाढवला होता. शेण पातळ झालं, म्हैस मान टाकून उभी राहायची. पौर्णिमेला आई कधी विहारात जायची चुकत नाही, पण त्या पौर्णिमेला ती गोठ्यातून हलली नाही. जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, पोटात आम्ल वाढलंय, भरडा निम्म्यावर आणा, वाळली वैरण वाढवा. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुमच्याकडची ती शेवाळाची पावडर थोडी द्या. पोटात हळूहळू विरघळते, आम्ल धरून ठेवते.”

मी पावडर आणली. आईनं चिमूटभर जिभेवर ठेवली.

“म्हंजे मी आन् म्हस एकच औषध खातोय व्हय?”

“व्हय. तुझी गोळी, तिची पावडर.”

“मग तिला बी कंबरदुखी हाय म्हणायची,” आई म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. आठवड्याभरात म्हैस रवंथ करू लागली. पावडरीनं की वैरणीनं, ते मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात किनाऱ्याकडचा एक व्यापारी कारखान्यात आला. आमची पावडर परदेशातून येते, हा माणूस तसाच माल जवळून आणि निम्म्या भावात द्यायला तयार होता. कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी नमुना माझ्याकडं पाठवला. मी त्यावर आम्लाचे थेंब टाकले, नीट फसफसलं. कॅल्शियम भरपूर, थोडं मॅग्नेशियमही. कागदावर माल चोख होता. पण भिंगाखाली काही खडे फिकट गुलाबी दिसले.

मी अण्णांकडं गेले. “अण्णा, हे जिवंत असताना काढलंय.”

अण्णा जैन, घरची शेती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार. त्यांनी चष्मा काढला. “जिवंत म्हंजे? झाडपाल्यासारखंच की.”

“झाडपाला वर्षात परत उगवतो. हे वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं. बोटाएवढा तुकडा व्हायला कित्येक वर्षं लागतात. परदेशातला माल मेलेल्या सांगाड्यांचा असतो, तशी कागदपत्रं येतात त्याच्याबरोबर.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवून नमुना भिंगाखाली पाहिला. मग म्हणाले, “चला, बघूनच येऊ.”

गगनबावड्याच्या घाटानं आम्ही खाली उतरलो. ओहोटीची वेळ होती. व्यापाऱ्यानं मोठ्या हौसेनं आम्हाला त्याची होडी दाखवली. होडीमागं लोखंडी दाताळं बांधलेलं होतं, ते तळावरून ओढत आणायचं. वाळूवर ओल्या गुलाबी गोळ्यांचा ढीग पडला होता. मी एक पोकळ, जाळीदार गोळा उचलून हातानं फोडला. आतल्या फटीतून नखाएवढा खेकडा बाहेर आला. त्याच्या मागोमाग काचेसारखा पारदर्शक मासा, शेपटी हलवत तळहातावर पडला.

शेजारी जाळं निवडणारी एक कोळीण आमच्याकडं बघत होती. ती तिथूनच ओरडली, “हेंच्यातच पिल्लां वाढतत. ह्या काढलास तर मासे खंय रवतले?”

व्यापारी हसला. “समुद्र केवढा आहे, मावशी.”

“समुद्र मोठो आसा, पण मासे हयसरच येतत,” ती म्हणाली आणि पुन्हा जाळ्याकडं वळली.

अण्णांनी माझ्या हातातला मासा ओंजळीत घेतला, बूट भिजवत पाण्यापर्यंत गेले आणि सोडून आले. व्यापाऱ्याला तिथंच म्हणाले, “पावणं, हा माल आम्हाला नको.”

त्याचा चेहरा पडला. “तुम्ही नाही घेतलात तर दुसरे घेतील.”

तो खोटं बोलत नव्हता.

परतताना अण्णांनी दिवस मावळायच्या आत वाटेत जेवून घेतलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, “मॅडम, आपल्याला ही पावडर लागतीया किती? पोत्यावर चांगलं दिसतंय म्हणून घालतो तेवढी न्हाय. खरी किती?”

मला लाज वाटली. नऊ वर्षांत मी तो प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. आम्ही सगळ्याच मिश्रणांत ती घालत होतो, कारण ‘समुद्री खनिज’ हे दोन शब्द विकले जात. नुसतं कॅल्शियम द्यायचं असेल तर आपल्या जमिनीतला चुनखडीचा चुरा पुरतो. शेवाळाचा खरा उपयोग जास्त दूध देणाऱ्या, जास्त भरडा खाणाऱ्या जनावरांना. दोन महिने बसून मी सगळी मिश्रणं बदलली. शेवाळ एकाच मिश्रणाच्या पोत्यात राहिलं, तेही कागदपत्रं असलेलं. त्या पोत्यावर अण्णांनी छापून घेतलं, ‘आधी वैरण वाढवा’. विक्रीची माणसं वैतागली. असं लिहिल्यावर पोतं कोण उचलणार, म्हणाली. खप थोडा घटलाही.

आईच्या डबीवरच्या नंबरावर मी फोन करून विचारलं, शेवाळ कुठलं, जिवंत काढलेलं की मेलेलं. पलीकडच्या मुलीला सांगता आलं नाही. डॉक्टरांना विचारून मी साध्या चुनखडीपासूनच्या गोळ्या आणल्या.

“चवीला ह्या बऱ्या हायत,” आई म्हणाली. “हाडाला लागल्या म्हंजे झालं.”

किनाऱ्यावरचा तो माणूस आता परत येणार नाही असं मला वाटलं होतं. पण पुढच्या दिवाळीनंतर तो एक पोतं घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. मधल्या काळात त्यानं गुलाबी गोळे कुणाला विकले का, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पोत्यात तिसऱ्यांचे आणि कालवांचे रिकामे शिंपले होते, धुऊन वाळवलेले. खानावळींच्या मागं ढिगानं पडून असतात, म्हणाला.

“तपासून बघा, मॅडम. आता ह्यात काही जिवंत नाही.”

मी तपासलं. कॅल्शियम भरपूर निघालं. आता तो चुरा आम्ही अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात घालतो. रंग जरा मळका आहे आणि पोतं उघडलं की खारा वास येतो, पण कोंबडीवाल्यांची अजून तरी तक्रार आलेली नाही.