रास लफानची पोकळी, जी नव्हतीच

पास्कल सर गेले, आणि ऐकून मला आधी हायसं वाटलं.

दोन वर्षं डायलिसिस. काल दुपारी वसईच्या घरी, झोपेतच गेले. मुलीने फोनवर सांगितलं, "डॅडींना शेवटी काही पेन नव्हतं."

२००३. कतारमधलं रास लफान.
मी नवा जिओफिजिसिस्ट, सर माझे बॉस.

लोखंडी प्लेटवर घण मारायचा. हादरा खडकाच्या थरांवर आपटून वर येतो, तो रांगेने खोचलेल्या जिओफोनवर टिपायचा. वाळूखाली काय आहे ते न खणता कळतं. तिथल्या चुनखडीत पोकळ्या असतात, म्हणून हा खटाटोप.

मोठी क्रेन उभी राहणार होती, नेमक्या त्याच जागी माझ्या सेक्शनवर, म्हणजे थरांच्या आलेखावर, रेषा तुटलेल्या दिसल्या.
मी लिहिलं, 'संभाव्य पोकळी'. सरांनी सही केली. साइटचं काम बंद.

तीन बोअर मारले. तिन्हींत सलग खडक.

मीटिंगमध्ये क्लायंटचा मॅनेजर कडाडला, "हू साइन्ड धिस?"
"आय डिड," सर म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

बाहेर पिकअपपाशी मी कबूल केलं.
"सर, चूक माझी. शेजारचा पंप चालू होता, त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडाला. फील्ड नोट्समध्ये होतं. मी वाचलंच नाही."

"वाचायला हवं होतंस." मग थांबून, "मीही."

मला रडू येत होतं. नोकरी गेली, व्हिसा गेला, एवढंच डोक्यात.

सर म्हणाले, "आधी मी कॅनडात होतो. तिथे हिमनद्यांनी आणून टाकलेली माती नि गोटे असायचे. त्याखालचा खडक असाच शोधायचो. एकदा मी म्हटलं, इथे खडक वरच आहे. निघाली मऊ माती. रिग कलंडली. ड्रिलरचा पाय गेला."

ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं.

"खाली खडक आहे रे, मनोज! त्या क्रेनखाली माणसं काम करणार. हस की जरा."

मला जमलं नाही. तेच हसले, इतके मोकळे की ड्रायव्हर वळून बघायला लागला.

माझी नोकरी राहिली. वॉर्निंग लेटर सरांना मिळालं. मला त्यांनी पंप बंद करून तीच जिओफोनची लाइन पुन्हा करायला लावली.

क्रेनने पहिला बोजा उचलला, तेव्हा आम्ही दोघं कुंपणाशी उभे होतो. तो खाली टेकेपर्यंत सर त्याच्याकडेच बघत होते.
मग म्हणाले, "खलास. यल्ला, जेवायला चल."

त्या वेळच्या टीममधले बरेच जण या ग्रुपवर आहेत. तुम्ही आजवर सरांची समजलात, ती चूक माझी होती.

सर, शांत झोपा. तुमच्या मनोजचा नमस्कार.