वहिवाटीचा पुरावा

मी कंपनीची वकील, म्हणजे काळा कोट न घालणारी. कंपनी इतकी लांबची, की तिथल्या मोठ्या वकीलबाईंची सकाळ उजाडेपर्यंत माझं दुपारचं जेवण पचलेलं असतं. रोज पेणहून धाटावच्या कारखान्यात जायचं आणि करारात बांधून घालणारं ‘शॅल’ ठेवायचं की मोकळं सोडणारं ‘मे’ यावर भांडायचं. एकदा त्या एका शब्दापायी अख्खा पावसाळा आला, पडला नि गेला. मला छत्री उघडायला सवड झाली नाही.

त्या वर्षी कंपनीनं कुंडलिकेच्या काठी नवी जागा घेतली आणि तिला भिंत घालायचं ठरवलं. जागेतून शेजारच्या वाडीची नदीवर जायची वहिवाट होती, पण नकाशात ती कुठंच नव्हती. मी जागा बघायला गेले, तर वाडीतली एक म्हातारी डोक्यावर धुण्याचं बोचकं घेऊन समोर उभी.

"काय गो, तूच ती वकील? कोट कुठं हाय तुझा?"

"आमच्यात कोट नसतो, आजी."

"मंग निकाल तरी असतो का?"

भिंत झाली की तिला डांबरी रस्त्यानं कोसभर वळसा पडणार होता. पण मोठ्या वकीलबाईंना पुरावा हवा होता: वाट कधीपासूनची, रुंदी किती? मी तेच म्हातारीला विचारलं.

"कधीपासून ते मला काय ठावं? मी लगीन होऊन आले तवा वाट हितंच होती. डोळे मीट नि चाल. पाय सांगतील."

मी मिटले. शपथेवर सांगते, मातीच मला घेऊन निघाली. जरा चुकले की गवत घोट्याला गुदगुल्या करून परत वाटेवर आणायचं. कारखान्याचा वास विरत गेला. पुढून-मागून बाया चालल्या होत्या, ओल्या लुगड्यांच्या, किणकिणत्या हातांच्या. एकीनं तर "सर की गो पुढं" म्हणून मला ढकललं. वाट दोनशे पावलांची असेल, मी चांगली शंभर वर्षं चालले. डोळे उघडले तेव्हा बूट पाण्यात होते.

"पडलीस का?" मागून म्हातारी.

"नाही."

"मंग झाला पुरावा."

मी अहवालात तसंच लिहिलं: सही करणारी डोळे मिटून नदीपर्यंत पोचली. ढकलणारीचा उल्लेख तेवढा गाळला. तिचा पत्ता मागितला असता. रुंदी लिहिली: बोचकं घेतलेली एक बाई, आणि समोरून येणारी दुसरी. पडद्यावर मोठ्या वकीलबाईंनी रुंदीची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "भिंतीत दार ठेवा."

दाराच्या मसुद्यात मात्र तिकडून एक ओळ घातलेली आली: दार सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघडं राहील. मी वाडीत जाऊन ती म्हातारीला वाचून दाखवली.

"नि नदी किती वाजता बंद होते गो?"

मी ती ओळ खोडली आणि बाजूच्या शेऱ्यात तिचाच प्रश्न इंग्रजीत लिहून पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर दाराला कडी बसत नाही.