वामनचे अक्षर आणि आमची भीती

भीतीचे दिवस सरले की किस्से उरतात. आमच्या पत्रकवाल्या मंडळींकडे ते ढिगाने साठलेत. पण सांगताना अजूनही आमचा आवाज आपोआप खाली येतो!

मी काशीहून शिकून नुकताच अमरावतीला परतलो होतो. डोक्यात फक्त स्वराज्य! छापखान्यांवर पहारा, म्हणून पत्रके हाताने काढायची ठरली. तीही मोडी लिपीत. आधी पानभर रेघा ओढायच्या, मग बोरू न उचलता ओळ संपवायची. काम झपाट्याने होई. लिहिणारा वामन, कचेरीतला नकलनवीस. त्याचे वळणदार अक्षर कोर्टातल्या कागदाकागदावर होते. ओळखले गेले की वामन थेट तुरुंगात!

मी विनवले, "जरा वाईट लिही रे!"

"मले येतच नाई ना गा!"

*

एकदा वामनच्या घरी झडती आली. माडीवर बाजेवर पत्रके वाळत होती. वामनच्या बायकोने, गोदूवहिनींनी, ओले पापड पटापट त्यांवर पसरले.

"शिवू नका जमादार, सोवळ्यातले आहेत!"

जमादार थबकले. "मंग एखादा भाजून तर द्या!"

वहिनींनी एक उचलला. पाठीवर शाईची उलटी अक्षरे उमटलेली! त्यांनी तो तसाच भाजून पुढे केला. जमादारांनी सगळा पुरावा चवीने खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी पडलं, वैनी!"

*

अकोल्याच्या स्टेशनावर शिपायाने माझे पत्रकांचे गाठोडे सोडले. त्याला मोडी येईना. त्याने बाकावरच्या हिवरखेडच्या एका आजोबांपुढे कागद धरला. मी आजोबांच्या तोंडाकडे डोळे लावले.

आजोबा मोठ्याने वाचू लागले, "इकडे समदे खुशाल. म्हैस व्याली. पोरीले कधी धाडता?"

शिपाई कंटाळून गेला. मी आजोबांचे पाय धरले. "तुम्ही वाचवलंत!"

"मले कुठं वाचता येते, बाप्पा? तुयं तोंड वाचलं!"

*

शेवटी बोलावणे आलेच. वामनला गोऱ्या साहेबापुढे बसवले. ओळखीचा म्हणून मला बाजूला उभे केले. फौजदारांनी मजकूर सांगितला, वामनने लिहिला. साहेबाला मोडी येत नव्हती, पण भिंग होते. त्याने पत्रक आणि नमुना शेजारी ठेवले. तेच वळण, तीच गाठ! वामनच्या कपाळावरून घाम कागदावर पडला.

शेजारी बसलेल्या कचेरीच्या मुनशींनी पंचनामा लिहून सहीसाठी पुढे सरकवला. भिंग त्यावर गेले आणि तिथेच थांबले. साहेबाने मान वर करून मुनशींकडे पाहिले.

मुनशी पांढरे पडले. "साहेब, मी आणि वामन वलगावच्या एकाच गुरुजींकडे शिकलो! त्यांचा कित्ता गिरवला की सगळ्यांचं अक्षर असंच होतं!"

"सगळे म्हणजे आणखी कोण?"

 मुनशींनी फौजदारांकडे पाहिले.

फौजदारांनी आपली लेखणी हळूच खिशात घातली.