शंकासुर आणि तांब्याचं नाणं

स्टुटगार्टच्या आमच्या मराठी गोतावळ्यात काकांना सगळे मागून शंकासुर म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं. एस-बान लोकल चार मिनिटांत येणार असं स्टेशनवर झळकलं, की ते म्हणत, "पाटी आली, गाडी कुठे आलीय?" आणि गाडी नेमकी रद्द व्हायची. हसावं की चिडावं, कळायचं नाही.

नोकरी धातू तपासायच्या प्रयोगशाळेत आणि नाद जुन्या अमेरिकन नमुना नाण्यांचा, म्हणजे चलनात आणण्याआधी टांकसाळीने ठसा पाहण्यापुरत्या पाडलेल्या मोजक्या नाण्यांचा. अस्सल नाणं परवडणारं नव्हतं. घरात फोटो आणि प्रतिकृती, त्यांवरच एकुलत्या एक मुलीला, मुक्ताला, भिंगातून बघायला शिकवलं. "आधी काय दिसतं ते सांग. काय वाटतं ते मग." मी तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. मुक्ता जर्मनमध्ये उत्तर द्यायची, पण नेमकं. काकांचा चेहरा फुलायचा.

पुढे डार्मश्टाटला पीएच.डी. करताना मुक्ताने दावा केला, की एक तांब्याचं नाणं हा अमेरिकेच्या टांकसाळीतला अगदी पहिला नमुना आहे. तिच्या व्याख्यानाला आम्ही सगळे हौसेने गेलो. प्रश्नांची वेळ आली आणि पहिला हात काकांचा. "तर, तांबं तेव्हाचं आहे हे तुम्ही दाखवलंत. पण जुना ठसा वापरून नाणं नंतरही पाडता येतं. तसं झालं नाही, हे कुठे दाखवलंत?" पोटच्या पोरीला, भर सभेत, परक्या माणसासारखं जर्मनमधलं 'झी', म्हणजे 'तुम्ही'.

बाहेर ती चक्क मराठीत बोलली. "बाबा, हे घरी विचारता आलं असतं."

"घरी तू दाखवलंच नाहीस."

"भीती वाटत होती म्हणून."

त्यानंतर तिने घराशी संबंध तोडला. आमच्या गोतावळ्यानेही काकांनाच दूर केलं, पोरीचे पाय ओढणारा बाप म्हणून. प्रश्न चूक होता का, हे त्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकानेही विचारलं नाही. मला त्यांचा अजून राग येतो.

दोनेक वर्षांनी मुक्ताने एका नियतकालिकात दावा मागे घेतला. नाणं नंतरचं असू शकतं, असं लिहिलं आणि शंका काढल्याबद्दल आभार मानले, 'एका श्रोत्याचे'. काकांनी तो अंक माझ्यापुढे ठेवला. माझं डोकं फिरलं. "श्रोता? वडील म्हणायला जीभ झडली असती का तिची?"

"बरोबरच लिहिलंय," ते म्हणाले. "तिथे मी श्रोताच होतो." मग अंक माझ्याकडे सरकवला. "हा तू घेऊन जा. घरात नको. तुझी काकू रोज उघडते आणि त्यात माझं नाव शोधते."