पितळेची मान

तापलेल्या पितळेला एक वास असतो. गोडसर, किंचित आंबट, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. ज्यानं तो लहानपणी घेतला त्याला तो जन्मात विसरता येत नाही. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात, ऑक्टोबरच्या अखेरच्या एका दुपारी, उत्तरेचा कोरडा वारा नुकताच सुटलेला आणि उन्हातला पिवळा रंग हळूहळू निवत चाललेला असताना, शेजारच्या गॅरेजच्या अर्धवट ओढलेल्या दाराखालून तो वास आला, आणि मी हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहता टाकून कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. आमचं घराणं नाशिकच्या तांबटांचं. हंडे, घागरी, पराती यांच्यावरच्या मठारकामाच्या ठोक्यांच्या अखंड नादात मी पाढे पाठ केले, पुढे कारखान्याच्या टूलरूममध्ये इंजिनिअर झालो, या देशात आलो आणि निवृत्तही झालो. इतक्या वर्षांत हा वास इथे कधी आला नव्हता.

आत अर्ल होता. आमचा शेजारी, ऐंशीच्या पलीकडचा, विधुर. त्याच्या हातातला गॅसचा टॉर्च थरथरत होता आणि ज्योत पितळेच्या एका छोट्या पुंगळीवरून सारखी घसरत होती. मला पाहून त्यानं ज्योत विझवली. त्याला माझं नाव कधी जमलं नाही, तो मला ‘नेबर’ म्हणतो.

“नेबर,” तो म्हणाला, “तुझा हात अजून स्थिर आहे का?”

असा प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. सुमन, माझी बायको, जाऊन दोन हिवाळे झाले. सुरुवातीला इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी डब्यांची रीघ लावली, पुरुष येऊन हवेच्या गप्पा मारून गेले, मग ज्याचं त्याला; त्यात कुणाचं काही चुकलं नाही. मुलगा निखिल दूर फ्रीमाँटला असतो. दर रविवारी त्याचा एकच धोशा: “बाबा, हाउस इज टू बिग फॉर यू, यार. दिवाळीनंतर विकायला लिस्ट करून टाकू ना. इकडे तुमची रूम रेडी आहे.” बापाला यार म्हणतो, पण मुलगा गुणी आहे. नाही म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. चार खोल्या, एक बंद पडलेलं देवघर आणि कुणालाही नको असलेला मी, एवढ्यासाठी घर धरून बसायचं म्हणजे नुसता हट्टीपणा, हे मलाही कळत होतं. मनातून मात्र वाटायचं की इथे कुणीतरी एकदा म्हणावं, थांब, तुझ्यावाचून अडलंय.

अर्लचं अडलं होतं ते असं. बंदुकीची काडतुसं कारखान्यात होतात आणि दुकानात मिळतात. पण काही हौशी माणसं आपल्या मनाजोगतं काडतूस स्वतःच घडवतात. एखाद्या प्रचलित काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान साच्यात दाबून बारीक करायची, म्हणजे तिच्यात मूळच्यापेक्षा लहान गोळी बसते. आणि मग त्याच मापाची नळी रायफलीला करून घ्यायची. असल्या बिनघराच्या वाणाला इकडे वाइल्डकॅट म्हणतात, रानमांजर. जगातल्या कुठल्याही दुकानात ते मिळत नाही, आणि त्याचं नाव ठेवण्याचा अधिकार घडवणाऱ्याचा. अर्लनं असं एक तरुणपणी घडवलं होतं आणि नळीवर आपल्या बायकोचं नाव कोरून घेतलं होतं: डॉटी. जुन्या पुंगळ्यांच्या माना वापरून वापरून तडकल्या होत्या. नाताळात लेक त्याला कायमचा मिनेसोटाला नेणार होती. त्याआधी, ज्या रानात तो आणि डॉटी शिकारीला जात, तिथे एकदा जायचं आणि ती रायफल एकदा बोलती करायची, एवढंच त्याच्या मनात होतं. नव्या पुंगळ्या घडवणारे हात मात्र त्याला उरले नव्हते.

खरं सांगतो, बंदूक म्हटलं की मी चार पावलं मागे सरतो. सुमन असती तर म्हणाली असती, “अहो, या वयात भलती थेरं सुचतात बरी!” पण पितळ म्हणजे पितळ. पुंगळीला मान असते, खांदे असतात, बूड असतं. आमच्या घागरीला तरी दुसरं काय असतं?

पहिल्याच दिवशी एक पुंगळी साच्यात एका दमात दाबली आणि तिचे खांदे चुरमडले. एकदम इतकं बारीक व्हायला पितळ तयार नसतं. थोडं या साच्यात, थोडं पुढच्या, असं कलाकलानं घ्यावं लागतं, आणि दाबलं की ते कडक होत जातं, म्हणून मध्येच ताव देऊन मऊ करावं लागतं. अर्ल म्हणाला, “फक्त मान तापवायची, नेबर. फक्त मान.” मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अरे बाबा, पितळ मला शिकवतोस? सगळ्या पुंगळ्या मी घरी घेऊन आलो. त्याला चकित करायचं होतं. मागच्या अंगणात शेगडी पेटवून, नाशिकला आमच्या तांबटांच्या आळीत भांड्यांना देत तसा सबंध ताव दिला, बुडापासून तोंडापर्यंत एकसारखी लाली चढेस्तोवर. मग पाण्यात विझवल्या आणि चिंचेच्या कोळात घोळवून लख्ख केल्या. काय झळकल्या म्हणून सांगू! ताटात मांडून, वर रुमाल टाकून, लग्नातलं रुखवत न्यावं तशा मी त्या अर्लकडे नेल्या.

अर्लनं रुमाल उचलला. मग एक पुंगळी घेऊन त्यानं तिचं बूड पकडीत धरलं आणि हलकेच दाबलं, तर ते लोण्यासारखं चेपलं.

“बार उडतो तेव्हा सगळा जोर इथे येतो,” बुडावर बोट ठेवून तो म्हणाला. “आणि याच्या मागे माणसाचा डोळा असतो. मानेला वाकायचं असतं, म्हणून ती मऊ हवी. याला धरून ठेवायचं असतं.”

घागर कधी कुणाच्या तोंडाशी फुटत नाही, म्हणून आमच्या आळीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मला सांगितलं होतं की! अर्लनं हातोडी घेतली आणि एकेक पुंगळी ऐरणीवर ठेवून चेपली, चुकूनही कुणी वापरू नये म्हणून. त्याचे ते वेडेवाकडे ठोके मी उभा राहून ऐकले. लहानपणी ऐकलेल्या ठोक्यांनी भांडी घडत. हे मोडण्याचे होते. त्या जातीच्या पुंगळ्या कित्येक महिन्यांपासून बाजारात मिळत नव्हत्या, आणि शिकारीचा मोसम आठवड्यावर आला होता. मी लाजेनं अर्धमेला होऊन घरी आलो आणि निखिलला फोन केला, म्हटलं, टाक बाबा विकायला, कुठे सही करायची सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, “नेबर!” अर्लच्या हातात कॉफीचा जुना डबा होता. माळ्यावर कुठेतरी पडलेला. तळाशी थोड्याशा पुंगळ्या, काळवंडलेल्या, पण न वापरलेल्या. तो एवढंच म्हणाला, “पाणी लागेल. पसरट भांडं आहे का काही?”

मी आतून सुमनची परात आणली. नाशिकहून तिनं सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत दडवून आणलेली, आमच्या थोरल्या काकांच्या हातची. तिच्यात पाणी ओतून पुंगळ्या उभ्या केल्या; बुडं पाण्यात गार, माना तेवढ्या वर. गॅरेजचं दार खाली ओढलं, कारण पितळेचा रंग उजेडात फसवतो. त्या मातकट अंधारात मी ज्योत धरायची, अर्लनं डोळे बारीक करून बघायचं, आणि मानेवर जेमतेम लाली उगवते न उगवते तोच तो म्हणायचा, “नाउ,” की मी पुंगळी पाण्यात आडवी पाडायची. चर्र! पुन्हा पुढची. बाहेर वारा भणभणत होता आणि आम्ही दोन म्हातारे एका परातीवर वाकलो होतो. खूप दिवसांनी मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

रानात गेलो तेव्हा गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि हवेत देवदाराचा उग्र गंध होता. हरणाचं काय झालं ते विचारू नका, त्या वेळी मी गाडीत डोळे मिटून बसलो होतो. पण त्याआधी कागदाच्या लक्ष्यावर त्यानं पहिला बार काढला, तो मी पाहिला. रिकामी पुंगळी बाहेर उडाली, ती उचलून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. चटका बसेल इतकी गरम होती, आणि तिचे खांदे आम्ही घडवले होते त्याहून रेखीव, टोकदार झाले होते. बार उडतो त्या जोरानं पितळ फुगून नळीच्या आतल्या अंगाला टेकतं आणि तोच आकार धरतं, अर्लनं सांगितलं. आता ही दुसऱ्या कुठल्या रायफलीत नीट बसायची नाही, ती डॉटीचीच झाली.

परतताना सबंध वाटभर माझ्या हातात ती पुंगळी होती. अर्लनं बायकोचं नाव पोलादावर कोरलं. मी माझ्या बायकोला चारचौघांतच काय, घरातसुद्धा कधी नावानं हाक मारली नाही. अगं. आणि तिचं अहो. साऱ्या महाराष्ट्रात बायका नवऱ्याला अहो म्हणतात, त्यात विशेष ते काय. पण त्या हाकेला कपाळावर आठी घालून जो मी वळून बघत असे, तो त्याच एका आवाजाच्या मापाचा झालेला होता. आता मला बाबा म्हणतात, काका म्हणतात, नेबर म्हणतात. सगळ्या चांगल्या हाका आहेत. मी कुठल्याच हाकेत पुरता बसत नाही. मला तिची फार फार आठवण येते, आणि हे मी कुणाला सांगत नाही.

नाताळात लेक आली आणि अर्ल गेला. रायफल आणि पुंगळ्या त्यानं बरोबर नेल्या. साचे आणि दाबयंत्र मात्र माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं. “माझ्या हातांचं तू पाहिलंसच,” म्हणाला, आणि गाडीत बसला. पलीकडच्या घरात तरुण जोडपं आलं. चांगली आहेत, हात हलवतात. मी निखिलला सांगितलं, घराचं जरा थांब. का म्हणून त्यानं विचारलं, तर म्हटलं, थंडी सरू दे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. अर्लचा फोन नाही, काही नाही. म्हटलं, झालं, म्हातारा विसरला. आणि घर विकणाऱ्या बाईंना यायला सांगितलं.

त्या यायच्या होत्या त्याच दिवशी, मार्चमधल्या एका सकाळी, दारात एक खोकं येऊन पडलं. मिनेसोटाहून. वर वाकड्यातिकड्या अक्षरांत आमच्या घराचा नंबर आणि रस्ता बरोबर लिहिलेला, आणि नावाच्या जागी नुसतं ‘नेबर’. पोस्टमननं तरीही आणून टाकलं होतं. आत चिठ्ठी नव्हती. आमच्या त्या सगळ्या पुंगळ्या होत्या, उडवलेल्या, रिकाम्या, मानेशी काजळलेल्या; जळक्या दारूचा वास नाकात भरला. पुन्हा ताव द्यायला पाठवल्या होत्या.

आनंदानं मी घराच्या दिशेनं वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, “अगं, ऐकलंस का? अर्लच्या पुंगळ्या आल्या!”

आत फ्रिजची घरघर चालू होती. मग त्या बाईंना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, स्वयंपाकघरातून परात काढली, आणि तिच्यात पाणी ओतलं.