शुक्रवारचा डाव

एकोणीसशे साठच्या आसपास मी कुवेतला तेलाच्या कामावर स्टोअरकीपर होतो. तिथला विहिरी खोदणारा एक अमेरिकन ड्रिलर अजूनही शुक्रवार आला की आठवतो. एरवी तो फारसा बोलत नसे. गालात खजुराची बी धरून नुसती मान हलवायचा. पण शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी वाळूत त्यांचा तो हातांनी खेळायचा फुटबॉल सुरू झाला की प्रत्येक डावाआधी तो आम्हाला गोल उभं करून वाकवायचा आणि रंग, आकडे, पक्ष्यांची नावं असं लांबलचक वाक्य एका दमात म्हणायचा. त्यातल्या एकेका शब्दात एकेकाचं काम असे.

"सगळं समजून घ्यायला जाऊ नका, आपला शब्द तेवढा ऐका," तो सांगायचा.

माणसं कमी पडत, म्हणून आम्हीही खेळायचो. मेसमधले रत्नागिरीचे हसनभाई वाऱ्यासारखे पळत, पण इंग्रजी कळत नसल्यामुळे हमखास उलट्या बाजूला. एकदा बाकीचे वैतागले. "याला काढा," म्हणाले.

ड्रिलरनं बी थुंकली आणि मला विचारलं, "लेफ्टला याच्या गावात काय म्हणतात?"

"डावीकडं."

पुढचं वाक्य आलं, "रेड, फोर्टी टू, ईगल, डेवीकडं!"

हसनभाई डावीकडे सुसाट सुटले. चेंडू नेमका त्यांच्याकडे आला आणि हातातून निसटला. सगळे हळहळले. हसनभाई मात्र हसत परत आले. मला म्हणाले, "माझ्याशी बोललान तो!"

त्यानं हसनभाईंच्या पाठीवरची वाळू झटकली, आम्हाला पुन्हा वाकवलं, आणि तेच वाक्य तसंच्या तसं पुन्हा म्हटलं.